गेटबाहेरचं शिसं

इरुंगाट्टुकोट्टैच्या ज्या कारखान्यात माझी बहुतेक नोकरी झाली, त्याच्या गेटवर बंदीच्या वस्तूंची एक पाटी होती: कॅमेऱ्याचा मोबाइल, काडेपेटी, पान-गुटखा आणि सगळ्यात खाली, शिसं असलेली सोल्डर वायर. पहिल्या तीन बंद्यांचं कारण वॉचमनही सांगायचा. चौथीचं कारण समजायला मागे जावं लागतं. आणि ते मागचं सगळं कारखान्यापेक्षा माझ्यासारख्या हौशी रेडिओवाल्याच्या टेबलावरून जास्त नीट दिसतं, असं मला वाटतं. आमच्या जमातीनं सोल्डर कधी निवडलंच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी धंद्याला जे लागायचं, त्यातलं उरलेलं आम्ही घेत आलो.

गाव चेन्नई-बंगळूर महामार्गावर, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. १९९० साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं इथे शर्यतीचा ट्रॅक सुरू केला. त्याआधी त्यांच्या गाड्या सोळावरमच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पडीक धावपट्टीवर पळायच्या. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ च्या रात्री, इथून थोडं पुढे श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. रामानुजाचार्यांचं जन्मगाव म्हणून माहीत असलेल्या त्या गावाची ओळख एका रात्रीत बदलली. आम्हा रेडिओवाल्यांसाठी त्या बातमीत एक घरचा धागाही होता. गेलेला माणूस व्हीयू-टू-आरजी या कॉलसाइनचा, रीतसर परवाना घेतलेला हौशी रेडिओचालक होता. मग सिपकॉटची औद्योगिक वसाहत वाढली, ह्युंदाईचा कारखाना आला, १९९८ मध्ये सँट्रो बाहेर पडली. २००६ मध्ये श्रीपेरुंबुदूरला नोकियाचे फोन बनू लागले. ज्या पट्ट्यात पूर्वी कुणी पत्र्याच्या डब्याला डाख द्यायला सायकलवरून आला तर तेवढंच कथील दिसायचं, तिथे ते टनांनी वितळू लागलं.

कथलाशी माझी ओळख कारखान्याच्या आधीची. आम्ही मूळचे विट्याजवळचे. खानापूर-आटपाडी भागातली दुष्काळानं बाहेर पडलेली माणसं गलाईच्या धंद्यात हिंदुस्थानभर पसरली. सराफ पेठेतला कचरा, कानशीचा चुरा, मोडीचे दागिने गाळून सोनं-चांदी वेगळी करायची हा तो धंदा. आमचे आबा मद्रासच्या सौकारपेटेत आले ते याच वाटेनं. दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात आजही आमच्याकडची मराठी ऐकू येते. आबांकडे तपासायला यंत्र नव्हतं. कथलाची कांडी ते कानाशी धरून वाकवत. शुद्ध कथील वाकताना करकरतं. आतले स्फटिक एकमेकांवर सरकतात त्याचा तो आवाज. शिसं मुकाट्यानं वाकतं. दुसरी परीक्षा कागदाची: कांडी घासली आणि काळी रेघ उठली की शिसं फार. शेजारच्या मामी नवा ईय चोंबू घेतला की आधी आबांना दाखवायला आणायच्या. चोंबू म्हणजे रसम करायचं कथलाचं भांडं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे आत पाणी आहे तोवरच ते विस्तवावर टिकतं. रसम आटलं तर बुडासकट चुलीत जातं. बाजारात शिसं मिसळलेले चोंबू सर्रास मिळायचे, आणि रसमाची चिंच शिशाला सोडत नाही.

सोन्याच्या डाखाचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, पुढे ती उपयोगी पडेल. जुन्या डाखात तांबं-चांदी असायची, म्हणून दागिना मोडला की कस उतरायचा. मग सोनारांनी डाखात कॅडमियम घालायला सुरुवात केली. थोडंसं घातलं तरी सोनं लवकर वितळतं, कस टिकतो. दुकानांवर ‘केडीएम’च्या पाट्या लागल्या. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं आणि फुंकणीच्या ज्योतीत त्याचा धूर होतो. तो धूर कारागिराच्या छातीत जायचा. गिऱ्हाईक पाटी वाचून खूश, आणि खोकला गल्लीच्या आतल्या बाजूला.

आता रेडिओकडे. आपल्याकडे हौशी रेडिओची सुरुवात १९२१ ची धरतात: अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस, टू-जेके आणि टू-एचक्यू. मद्रासमध्ये १६ मे १९२४ रोजी सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकारानं मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला आणि ३१ जुलैला त्याचं प्रक्षेपण सुरूही झालं. सरकारी रेडिओच्या कितीतरी आधी हौशी मंडळींनी ही सोय केली. १९२७ मध्ये क्लबचे पैसे संपले. त्यांचा ट्रान्समीटर पुढे मद्रास महापालिकेकडे गेला आणि १९३० पासून महापालिकेनं स्वतःचं प्रक्षेपण चालवलं. मरीनावर कर्ण्यातून गाणी ऐकलेली पिढी ती.

त्या काळात सोल्डर म्हणजे पत्रेवाल्याची कांडी. अर्धं कथील, अर्धं शिसं, पुष्कळदा शिसंच जास्त. पत्र्यावर ती धरावी म्हणून मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेलं पाणी लावायचं, किंवा नवसागर. डब्याला हे उत्तम. रेडिओला विष. जोड दिसायला झकास होतो, पण उरलेलं आम्ल तारेला आतून खात राहतं आणि मद्रासच्या खाऱ्या दमट हवेत काही महिन्यांत हिरवी बुरशी दिसू लागते. म्हणून रेडिओवाल्यांना राळ लागायची. ती हिमालयातल्या चिडाच्या झाडांची. बरेलीजवळ क्लटरबकगंजला तिचा मोठा कारखाना होता. पण मद्रासच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या ज्या वडीलधाऱ्यांकडे मी शिकलो, ते राळ आणायचे वाद्यांच्या दुकानातून. कर्नाटक संगीताच्या या शहरात व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायची. ती कुटून स्पिरिटमध्ये विरघळवली की फ्लक्स तयार. पोटात राळ भरलेली सोल्डरची तार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाली होती, इंग्लंडातून पुढे एर्सिन मल्टिकोअर आलं. पण ती रिळं मोठ्या कंपन्यांची आणि लष्कराची. हौशी माणसाच्या हाती ती सांडून-लवंडूनच यायची.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि हौशी परवाने रद्द होऊन ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायचे हुकूम निघाले. काहींनी केले, काहींनी सुटे भाग ठेवून घेतले. मुंबईतल्या नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्यानं जमवलेला ट्रान्समीटर १९४२ च्या ऑगस्टअखेर उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांच्या काँग्रेस रेडिओसाठी वापरला गेला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. त्या दिवशी धाड पडली. पुढे याच प्रिंटरवर फितुरीचा आरोप झाला, त्यामुळे आमच्या मंडळींच्या वीरकथांमध्ये त्याचं नाव जरा अडखळतच येतं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पुनःपुन्हा उचलून नव्या घरात नेलेला तो ट्रान्समीटर होता. गाडीत हादरे खाऊन प्रत्येक जोड टिकायला हवा होता. ज्यानं कुणी तो जोडला, त्याचं हातकाम पक्कं असलं पाहिजे, मग माणूस म्हणून तो कसाही असो.

युद्ध संपलं आणि लष्करी डिस्पोजलचा पूर आला. मुंबईत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात जुना बाजार, मद्रासमध्ये मूर मार्केट. बीसी-३४८ सारखे विमानातले रिसीव्हर, कमांड सेट, क्रिस्टल, वाल्व, सगळं वजनावर. १९८५ मध्ये मूर मार्केट जळालं तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्यांना पुस्तकांपेक्षा वाल्वच्या गल्ल्या आठवल्या. या डिस्पोजलच्या सामानानं एक शिस्त शिकवली, जी नंतर विसरली गेली: तार आधी टॅगला गुंडाळायची, पक्कडीनं दाबायची, मग सोल्डर. जोड पकडून ठेवण्याचं काम तारेचं. सोल्डरनं फक्त वीज नेण्याची हमी द्यायची. चासीला अर्थिंग द्यायचं तर शंभर वॉटच्या पुढचा सोल्डरिंग आयर्न, नाहीतर कोळशावर तापवलेलं तांब्याचं जाड टोक. आणि एक नखरा: चांदीचा थर दिलेल्या सिरॅमिक पट्ट्या. त्यावर साधं सोल्डर पुनःपुन्हा लावलं की ते चांदी ओढून घेतं आणि पट्टी उघडी पडते. म्हणून टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपच्या आतच चांदी मिसळलेल्या सोल्डरचं छोटं रीळ खोचलेलं असायचं. जुना स्कोप उघडल्यावर ते रीळ शाबूत निघालं तर आमच्यात अजूनही फोन जातात.

ट्रान्झिस्टर आणि छापील बोर्ड आले आणि गणित बदललं. तार गुंडाळायला जागाच उरली नाही. तांब्याच्या पातळ चकतीवर सोल्डरनं एकट्यानं सगळं धरायचं. इथून पुढे मिश्रणाचं प्रमाण हा जिवाचा प्रश्न झाला. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. एकत्र केले की दोघांच्याही खाली, १८३ अंशांपासून वितळायला लागतात. मात्र बहुतेक प्रमाणांत ते एकदम वितळत नाहीत. निम्मं-निम्मं असेल तर १८३ पासून २१५ च्या आसपास अर्धं घट्ट, अर्धं पातळ अशी लापशी राहते. चाळीस-साठचं असेल तर ती लापशी आणखी वरपर्यंत. शिशाचे नळ जोडणाऱ्या प्लंबरला नेमकं हेच हवं असतं. ती मऊ असताना तो कापडानं पुसून जोडाला आकार देतो. बोर्डावर मात्र थंड होताना पाय जरासा हलला की लापशीत तडा राहतो. वरून दिसत नाही. पावसाळ्यात रिसीव्हर खरखरतो, टेबलावर मूठ आपटली की सुधारतो, आणि माणूस वाल्व-ट्रान्झिस्टर बदलत बसतो. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसं असेल तरच १८३ ला एकदम सगळं पाणी आणि उतरताना एकदम सगळं घट्ट. मधली अवस्थाच नाही. साठ-चाळीस त्याच्या इतकं जवळ की सवयीच्या हाताला फरक फारसा जाणवत नाही. ज्यांचे हात नवे, त्यांना जाणवतो.

हे सगळं पुस्तकात होतं. बाजारात काय होतं ते वेगळं. कथील आपल्याकडे नावालाच निघतं, बस्तरच्या बाजूला थोडंसं; बाकी सगळं बाहेरून, मलाया-इंडोनेशियाकडून. त्यामुळे शिशापेक्षा कितीतरी महाग. सोल्डर बनवणाऱ्याला फायदा करायचा तर एकच वाट: शिसं वाढवा. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि गल्लोगल्ली टीव्ही जोडणारे, दुरुस्त करणारे निघाले. चेन्नईत रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, सगळीकडे सोल्डरच्या रिळांचे डोंगर. रिळावर ‘६०/४०’ छापलेलं, आत काय ते देव जाणे. ‘अण्णे, सिक्स्टी-थ्री इरुक्का?’ असं विचारलं की दुकानदार आधी वर-खाली बघायचा. हे गिऱ्हाईक टीव्हीवालं नाही हे त्याला कळायचं. मी आबांची कागदाची परीक्षा काउंटरवरच करायचो. ज्या दुकानात त्याचा राग आला नाही, तिथेच मी अजून जातो.

गंमत म्हणजे चांगलं सोल्डर मिळू लागलं तोवर आमच्यातले कित्येक आयर्न थंड पडले होते. १९८४ मध्ये हौशी रेडिओच्या सामानावरचं आयात शुल्क माफ झालं. जपानी तयार सेट येऊ लागले, ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बांधणं सोडलं. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. हवेत आवाज वाढले. पण परवान्याच्या परीक्षेला सर्किट पाठ करून येणारे आणि आयुष्यात एकही जोड न दिलेले परवानाधारक तेव्हापासून दिसू लागले.

मग आला १ जुलै २००६. युरोपीय संघाच्या नियमानं त्या दिवसापासून तिथे विकल्या जाणाऱ्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं एका मर्यादेत आलं, कुठल्याही एकजिनसी भागात वजनाच्या ०.१ टक्का. यादीत कॅडमियमही होतं, त्याला दहापट कडक, ०.०१ टक्का. ते वाचताना मला सौकारपेटेतली ती खोकणारी गल्ली आठवली. कॅडमियमच्या बाबतीत ब्रुसेल्सला कळलेलं आमच्या गल्लीला आधीच कळलं होतं, फक्त नियम करायचा अधिकार नव्हता. मोटारींसाठी युरोपचा कायदा वेगळा, त्यात सर्किट बोर्डावरच्या शिशाला जुन्या मॉडेलांपुरती बरीच वर्षं सूट. पण ह्युंदाईच्या इथल्या गाड्या युरोपला जात होत्या, आणि शेजारी नोकियाचा माल तर थेट त्याच नियमाखाली. एका छपराखाली दोन प्रकारचं सोल्डर ठेवणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. आमच्या कारखान्यानं शिसं गेटबाहेर ठेवलं. पाटीवर चौथी ओळ आली ती अशी. भारताचे ई-कचऱ्याचे नियम २०१२ च्या मे महिन्यात लागू झाले आणि शिशाची तीच मर्यादा आपल्याकडे त्यानंतर दोन वर्षांनी आली.

शिशाच्या जागी आलं ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं. वितळायला २१७ अंशांच्या पुढे. ऐकायला फरक तीस-पस्तीस अंशांचा, पण लाइनीवर सगळंच हललं. इतक्या कथलाचं वितळलेलं पाणी लोखंडालाही सोडत नाही. वेव्ह सोल्डरिंगच्या स्टीलच्या भांड्यांना ते आतून खाऊ लागलं, भांडी बदलावी लागली. आयर्नची टोकं दुप्पट वेगानं झिजू लागली. आणि तपासणीच्या टेबलावरच्या बायकांची नजर, जी वर्षानुवर्षं घडवलेली होती, ती एका झटक्यात चुकीची ठरली. शिशाचा चांगला जोड आरशासारखा चकाकतो; मळकट दिसला की कोरडा जोड, बाद. नव्या सोल्डरचा चांगला जोडही मळकट, दाणेदार दिसतो. पहिल्या काही आठवड्यांत चांगले बोर्ड बाद होऊन ढीग लागले. शेवटी भिंगाखाली कडेचा कोन बघायला शिकवावं लागलं: सोल्डर पायावर चढलंय की नुसतं गोळा होऊन बसलंय. चकाकीवर विश्वास ठेवायचा नाही, हे सांगताना मलाच कसंतरी व्हायचं.

शुद्ध कथलाच्या दोन जुन्या खोड्याही परत चर्चेत आल्या. एक, त्यातून केसासारखे बारीक तंतू आपोआप वाढतात आणि शेजारच्या तारेला जाऊन टेकतात. १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ हा उपग्रह निकामी झाला त्याचं कारण हेच धरलं जातं. थोडं शिसं मिसळलं की हे तंतू आवरतात, म्हणूनच अवकाश आणि संरक्षणाच्या कामात शिसं टिकून राहिलं. दुसरी खोड, १३ अंशांच्या खाली कथील हळूहळू भुकटी होऊ लागतं. त्याची काळजी लडाखवाल्यांनी करावी. चेन्नईत पारा तेवढा उतरत नाही.

नोकियाचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ ला बंद झाला. हजारो मुलामुलींच्या हाताला ते काम आलं होतं, त्यातले कित्येक पुढे आसपासच्या कंपन्यांत गेले, कित्येक गावी परतले. त्याच सुमारास हौशी रेडिओत उलटा वारा वाहू लागला होता. हैदराबादच्या अशहर फरहान, व्हीयू-टू-ईएसई, यांनी २००३ मध्ये बिटेक्स नावाचा ट्रान्सीव्हर मांडला होता, जो आपल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून कुणालाही बांधता यावा. कॉइलसाठी परदेशी टोरॉइड नाहीत? नळाचा वायसर घ्या, त्यावर तार गुंडाळा. जगभर लोकांनी तो बांधला. २०१६ मध्ये त्याच घराण्यातला बिटेक्स-४० किट म्हणून आला, बारीक भाग आधीच बसवलेला बोर्ड. आपण फक्त कनेक्टर, पॉट, स्पीकर, वायरी जोडायच्या. वर्षभरात मायक्रोबिटेक्स. पुन्हा तरुण पोरं ‘कुठलं सोल्डर घेऊ?’ असं विचारायला लागली. मला हा प्रश्न फार वर्षांनी ऐकू आला.

माझं उत्तर ठरलेलं. त्रेसष्ट-सदतीस, २२ गेज, पोटात राळ असलेलं. फ्लक्स-पेस्टची डबी, तिच्यावर काय लिहिलंय ते न बघता, घरात आणूच नये. आयर्न ३२०-३५० अंशांवर. हौशी बोर्डाच्या तांब्याच्या चकत्या जास्त उष्णतेनं सुटतात, चुकलेला जोड परत काढणं सोपं असावं लागतं, आणि नवशिक्याला चकाकी हा एकच तपासनीस परवडतो. शिशाची भीती? आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, ते १७०० अंशांच्या पुढे उकळतं. डोळ्यांत जातो तो राळेचा धूर, त्यानं दमा होऊ शकतो, म्हणून पंखा. शिसं जातं हातातून तोंडात. टेबलावर चहा-मुरुक्कू नाही, उठताना साबणानं हात धुवायचे, आणि सोल्डरचा उरलेला गाळ घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही.

हे सगळं मी माझ्याकडे किट बांधायला येणाऱ्या एका मुलीलाही सांगितलं. ती धर्मपुरीकडची, श्रीपेरुंबुदूरच्या लाइनीवर काम करून नुकतीच परवान्याच्या परीक्षेत पास झालेली. शिशाचं सोल्डर तिनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मी करून दाखवलेला जोड तिनं भिंगाखाली धरला.

‘सर, हे इतकं चमकतंय का? जास्त तापलं का?’

मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पिशवीतून स्वतःचं चांदीवालं रीळ काढलं, दुप्पट किमतीचं. आयर्न ३७० वर नेला. तिचे जोड मळकट, दाणेदार, आणि एकही चुकीचा नाही. कडेचा कोन प्रत्येक पायावर सारखा. बिटेक्सवर पहिल्याच संध्याकाळी चाळीस मीटरच्या बँडवर कोचीचं एक स्टेशन आलं.

जाताना तिनं माझ्या खोक्यातलं एक नवं टोक मागून घेतलं, त्यावर मार्करनं हिरवी खूण केली आणि मला बजावलं, ‘याला तुमचं सोल्डर लावायचं नाही हं, सर.’